वाढप

सावईवेऱ्याला देवळामागच्या अग्रशाळेत
समाराधनेच्या दिवशी आम्हा सात पोरांना
म्हाळूकाकानं ओळीत उभं केलं.
फोंड्याच्या बसवर कंडक्टर होता तो,
उभं राहण्यात जन्म गेलेला.
म्हणाला, गुडघ्यातून वाका, कमरेतून नको.
कमरेतून वाकणारा दुसऱ्या पंगतीला दमतो,
आणि दमलेला माणूस
पानाकडे बघत नाही, बालदीकडे बघतो.

सुदिनला वरण मिळालं, कृष्णनाथला खतखतें.
मला मीठ.
चिमूटभर, पानाच्या डाव्या कोपऱ्यात.
मी तोंड पाडलं.
मीठ वाढणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही,
काका म्हणाला, म्हणून पहिल्या वर्षी मीठच.

मग एकेक सांगत गेला, चालता चालता,
जसा बसमध्ये तिकिटं फाडत पुढं सरकायचा:
पुरे म्हणणाऱ्याच्या हाताकडे बघू नको,
डोळ्यांकडे बघ.
लहान मुलाला थोडं वाढ, पण दोनदा जा.
'हवं का' असं विचारू नको,
विचारलं की लाजरा माणूस उपाशी उठतो.
आणि दुसऱ्या फेरीला
पंगतीच्या शेवटाकडून सुरू कर.
शेंगा वरच्या वर संपतात,
टोकाला बसलेल्याच्या पानावर
नुसता रस्सा पोचतो दर वर्षी.

दर वर्षी टोकाला कोण बसतं
हे मी तोवर पाहिलंच नव्हतं.
सुपाऱ्या सोलणाऱ्या बाया,
ताशेवाला, त्याचा मुका भाऊ,
आणि एक म्हातारी, लुगड्याच्या पदरात
चपला गुंडाळून घेतलेली.

खरं सांगतो, मी चोरी केली.
केळीच्या पानांच्या ढिगामागं
वाटीभर मणगणें लपवलं,
वर नारळाचा घट्ट रस,
आणि मिठाची बशी घेऊन
साळसूद फिरत राहिलो.
काकानं वाटी शोधली नाही. ती त्याला दिसली.
कुणासाठी राखलंय?
ओरडला असता तर मी रडलो असतो.
पण त्यानं खरंच विचारलं,
आणि माझ्या तोंडून आलं,
त्या म्हातारीसाठी.
बरं केलंस, म्हणाला. मग दे जा.

शंभर पावलं असतील. वाटी जड होती.
म्हातारीनं ती दोन्ही हातांनी घेतली,
देव बरें करूं, म्हणाली,
आणि खाताना एकदाही मान वर केली नाही.
मी तिथंच उभा. माझ्या खोट्याचं
तिच्या ओठांवर काय होत होतं ते बघत.

चौथी पंगत उठली तेव्हा
मांडवात दिवे लागले होते.
आता तुम्ही, काका म्हणाला,
आणि आम्हा सातांना पानं मांडून
एकट्यानं वाढलं सगळं, मिठापासून.
कोणी म्हणालं, काका, तू?
म्हाका मागीर.
मागीर म्हणजे नंतर.
त्याचं हे नंतर नेमकं कधी येतं
हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

भाणाच्या तळाशी दवलो खरवडत
तो उभ्यानं काहीतरी तोंडात टाकत होता.
मी उठलो. हात उष्टा होता, तो धुतला.
ढिगातलं शेवटचं पान,
एका बाजूनं फाटलेलं,
त्याच्यासमोर अंथरलं.
गुडघ्यातून वाकलो.
डाव्या कोपऱ्यात मीठ ठेवलं.
तो बसला, फार हळू,
बसायची सवय नसलेल्या माणसासारखा.
काही बोलला नाही.
भात थोडा वाढला मी. आणि दोनदा गेलो.

घरी पोचलो तर आईनं
दारातच कंदील वर धरला,
गुडघ्यांच्या वर सरकलेली माझी चड्डी पाहिली,
वाढलास रे, म्हणाली.
मी म्हटलं, होय,
चार पंगती, आणि एक पान.